दोन ऑटो, एक आवाज

…अन् वरून चंद्रभानलेच म्हणतात गद्दार! आता मले सांगा, भोंगेवाल्याले कधी पक्ष असते का? बँडवाला काय नवरदेवाचं तोंड पाहून वाजवते? ज्याची वरात त्याचं गाणं, संपला विषय! पण नाही, आमच्या जुनी शुक्रवारी मोहल्ल्यात पानठेल्यावर जो तो उठते अन् म्हणते, ‘चंद्रभाननं इकडच्यायलेभी आवाज देला अन् तिकडच्यायलेभी.’ आता इकडचे कोण अन् तिकडचे कोण, ते मले इचारू नका, आपण नावं घेत नाही, अन् घेऊन फायदा तरी काय… थांबा, पहिलेपासून सांगतो, नाही तं तुमचाभी पानठेला होऊन जाईन.

तं चंद्रभान म्हणजे आपल्या नागपूर लोकसभेचा आवाज. खासदार बदलले, चिन्हं बदलले, मतदारसंघाच्या हद्दी सरकल्या, पण भोंग्यातून गल्लीत शिरायचा तो आवाज चंद्रभानचा. सत्त्याहत्तर साली नुकतं मिसरूड फुटलेला हा गडी सायकलरिक्षात बसून ओरडला, ‘बदल घडवा, बदल घडवा!’ अन् घडला ना बदल! साऱ्या देशात घडला, दिल्लीचं सरकार पडलं… अन् आपलं नागपूर? आपल्या नागपूरनं जुन्यालेच निवडून देलं! म्हणजे तुम्हाले सांगतो, पोट्टा दिल्लीत जिंकला अन् घरी हारला. लोकं इचारत, ‘काहून गा, तुह्या आवाजात दम नव्हता का?’ तं त्याचा बाप म्हणे, ‘मनावर नको घेऊ. याच नागपूरनं याच्या पहिले वेगळ्या विदर्भवाल्याले दिल्लीले धाडलं होतं. इथल्या माणसाच्या मनात काय आहे, ते त्याच्या बायकोलेभी मतमोजणीच्या दिवशीच समजते.’

अन् मग काय एकेक तमाशे सांगू! एक साहेब होते, पहिले इकडून निवडून आले, काही वर्षांनी तेच साहेब तिकडून निवडून आले. चंद्रभानले काय करा लागलं? फक्त चिन्हाचं नाव बदलवलं! ‘आपल्या हक्काचा माणूस’ तेच, ‘ताई, माई, अक्का’ त्याच, साहेबाचा फोटोभी तोच, फक्त कोपऱ्यात नवं चिन्ह चिकटवलं. शहाण्णवात नागपूर फिरलं, अठ्ठ्याण्णवात परत फिरलं, चौदात पुन्हा फिरलं, अन् प्रत्येक वेळी माइकवर कोण? चंद्रभान! तेव्हापासून त्यानं ठरवूनच टाकलं, इकडचे कोण अन् तिकडचे कोण, इचारायचंच नाही. ज्याचा ऑटो त्याची घोषणा.

बरं, इथपर्यंत कोणाले काही तक्रार होती का? नव्हती! तक्रार झाली मागच्या खेपेले, अन् तीभी गळ्यापायी.

झालं असं की त्याचा आवाज फाटून राहिला. ‘बहुमतानं विजयी करा’ म्हणताना ‘बहु’ निघे अन् ‘मत’ गळ्यातच राहे. त्याची बायको सिंधूताई, तिनं धरून नेलं धंतोलीत. तिथं डॉक्टर नंदिनीबाई. त्यायनं गळ्यात दुर्बीण टाकून पाहिलं अन् म्हणाल्या, ‘काका, गाठ आहे. साधीच दिसतेय, पण काढावी लागेल. आणि त्यानंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. बोललात, तर आवाज कायमचा गेला म्हणून समजा.’

आता हे ऐकून माणूस घरी जाऊन गुपचूप झोपन का नाही? पण घरी पाहते तं ओट्यावर इकडचा देवराव बसलेला! ‘चंद्रभानभाऊ, तुमच्या आवाजाबिगर इकडचा प्रचार म्हणजे तर्रीबिगर पोहे!’ तो गेला नाही तं तिकडचा सुशील हजर! ‘काका, तुम्ही नाही म्हणाले तं मी इथंच उपोषणाले बसतो!’ सिंधूताई आतून म्हणे, ‘दोघायलेभी नाही म्हणा, गळ्याचं काम आहे.’ तं चंद्रभान तिच्याजवळ गेला अन् हळूच म्हणे, ‘सिंधू, ऑपरेशननंतर आवाज राहीन का जाईन, कोणाले मालूम? एकदा पोटभर बोलून घेऊ दे वं.’ आता यावर कोणती बायको नाही म्हणन?

गेला बर्डीच्या स्टुडिओत. सकाळी इकडच्यायचं रेकॉर्डिंग केलं, गरम पाणी पेला, अन् दुपारी त्याच खुर्चीत बसून तिकडच्यायचं केलं. तिथला मशीनवाला डोळे फाडून पाहे. म्हणे, ‘काका, आता तं तुम्ही यायले घरी बसवा म्हणून राहिले होते!’ चंद्रभान म्हणे, ‘ते जेवणाच्या पहिले.’ अन् काय बोलला बाप्पा त्या दिवशी! मशीनवाला सांगे, गळा दुखे म्हणून डोळ्यातून पाणी येऊन राहिलं होतं, पण एकभी शब्द दुसऱ्यांदा घ्यावा लागला नाही.

मग ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली, अन् घरात मौन सुरू. ऐन एप्रिलचं ऊन, कूलर घरघर करून राहिला, हा पलंगावर बसून राहिला. पाणी पाहिजे तं गिलासावर चमचा एकदा वाजवे, चहा पाहिजे तं दोनदा. अन् बाहेर गल्लीतून काय जाते? त्याचाच आवाज! ठणठणीत! ‘मतदार बंधू-भगिनींनो!’ हा उठून खिडकीत जाये, ऑटो वळणापलीकडं जाईपर्यंत पाहत राहे. सिंधूताई सांगे, ‘लेकरू सासरी गेल्यावर बाप पाहते ना, तसे पाहेत हो.’ …असो.

तं एक दिवस धंतोलीत डॉक्टरले दाखवून दोघं ऑटोनं घरी परतून राहिले होते. व्हेरायटी चौकात आले अन् सिग्नल लागला. ऊन असं की डांबरभी घामेजलेलं. अन् उजवीकडून आला इकडच्यायचा ऑटो, डावीकडून तिकडच्यायचा, दोन्ही लाल दिव्याले थांबले, समोरासमोर. दोन्ही भोंगे चालू!

इकडचा भोंगा म्हणे, ‘बंधू-भगिनींनो, आजवर तुम्हाला कोणी फसवलं?’

तिकडचा भोंगा म्हणे, ‘विरोधकांनी! फक्त विरोधकांनी!’

‘मग आता शहराचा विकास कोण करणार?’

‘आम्ही! आम्ही! आम्हीच!’

‘अशा थापांना बळी पडू नका!’

‘बळी पडू नका!’

अन् आवाज एकच! मले सांगा, माणूस स्वतःशी घरात भांडते, आरशासमोर भांडते, पण भर चौकात, दोन दोन भोंगे लावून? स्कूटरवाल्या पोरी दुपट्ट्यातून हसून राहिल्या, फुटपाथवरचा गॉगलवाला टाळ्या पिटून राहिला. इकडच्या ऑटोतून देवराव उतरला, ‘आमचा आवाज चोरला!’ तिकडून सुशील उतरला, ‘आवाज आमचा हाय!’ दोघायनं एकमेकायची कॉलर धरली. ट्रॅफिकचा शिपाई धावत आला, दोन्ही भोंगे बंद करवले, ‘ए, कोणाचा आवाज हाय हा? त्याले आणा!’ अन् तेवढ्यात गॉगलवाल्यानं बोट दाखवलं ना! ‘साहेब, आवाज तं त्या ऑटोत बसला हाय!’

सारा चौक वळला. देवराव अन् सुशील दोघंभी धावले. ‘सांगा चंद्रभानभाऊ, आज होऊन जाऊ द्या, तुम्ही इकडचे का तिकडचे?’

आता पाहा, जो माणूस जन्मभर इकडचे कोण अन् तिकडचे कोण हे इचारायचंच नाही म्हणे, त्याले भर चौकात हेच इचारून राहिले! अन् त्याच्या गळ्यात ओली जखम! चंद्रभानचं तोंड लाल झालं, मान फुगली, लोकं गद्दार म्हणून राहिले अन् जवाब देता येत नाही. शेवटी राहवलं नाही, त्यानं तोंड उघडलं… अन् सिंधूताईनं आपला हात त्याच्या तोंडावर दाबला. असा दाबला की सांगता सोय नाही. म्हणे, ‘एकभी शब्द काढला तं याद राखा!’

अन् उतरली खाली. थेट देवरावच्या ऑटोजवळ गेली, सीटवरचा माइक उचलला. ज्या बाईनं आयुष्यात कधी हळदीकुंकवाले उखाणा मोठ्यानं घेतला नाही, ती! दोनदा फुंकर मारली.

‘हॅलो… चालू आहे का हे? मी सिंधू. ह्या आवाजाची बायको. हा आवाज इकडचा नाही अन् तिकडचाभी नाही, माह्या घरचा हाय. घरात ऐकू येणं बंद झालं अन् तुम्ही त्याले रस्त्यावर त्याच्याच संगं भांडवून राहिले? लाजा नाही वाटत? ह्या माणसानं इतक्या वर्षांत साऱ्या नागपूरले रस्ते देले, नाल्या देल्या, चोवीस तास पाणी देलं… भोंग्यातून! अन् माह्या नळाले? सकाळी फुस्स करते अन् बंद! आमच्या घरी आवाज दोनच, एक याचा अन् एक नळाचा. याचा डॉक्टरनं बंद केला, अन् नळाचा नुसता आवाजच येते! आता सांगा तुम्हीच, मी कोणाले मत देऊ?’

सिग्नल हिरवा झाला, पण तुम्हाले सांगतो, एक गाडी हालली नाही. मग टाळ्या! बसमधून टाळ्या, दुकानातून टाळ्या, शिपाईभी टाळ्या वाजवून राहिला अन् मग त्याले आठवलं की आपण ड्युटीवर आहो. अन् चंद्रभान? ऑटोत बसून हसून राहिला, बिनआवाजाचा. नुसते खांदे हालून राहिले अन् गालावरून पाणी.

दुसऱ्या दिवशी साऱ्या नागपूरच्या मोबाइलवर सिंधूताई. तिसऱ्या दिवशी गल्लीत पाण्याचा टँकर, इकडच्यायकडून. त्याच्या मागं दुसरा, तिकडच्यायकडून. मतदानापर्यंत गल्लीनं असं पाणी पाह्यलं की लोकायनं गोधड्या धुतल्या, ओटे धुतले, ज्यायच्या घरी गाड्या नव्हत्या त्यायनं शेजाऱ्याच्या गाड्या धुतल्या. मतदान झालं, बोटाले शाई लागली, अन् टँकर गायब. शाईच्या पहिले टँकर पुसला गेला!

महिना भरला. नंदिनीबाई म्हणाल्या, ‘काका, बोला आता.’ चंद्रभान बसला नुसता. तोंडच उघडेना. भेव वाटे ना, उघडलं अन् काही निघालंच नाही तं? मग म्हणाला, ‘सिंधू.’ निघाला आवाज, पण बारीक, पतला, दाराच्या फटीतून हवा यावी तसा. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकाच राहील, आता ओरडायचं नाही. उतरला ना त्याचा चेहरा. तं सिंधूताई म्हणे, ‘पुरते एवढा. आपलं घर काय सभेचं कस्तुरचंद पार्क आहे?’

निकाल लागला. कोण निवडून आलं ते तुम्हाले मालूम आहे, मी नाही सांगत. गुलाल उडाला, एकाच्या घरी पेढे वाटले, एकाच्या घरी कूलर बंद करून लोकं गुमसुम बसले. अन् मग काही महिन्यांनी, महानगरपालिकेचे वारे वाहाले लागले तेव्हा, एका संध्याकाळी चंद्रभानच्या ओट्यावर कोण यावं? देवराव! गळ्यात नवाच दुपट्टा. म्हणे, ‘भाऊ, मी आता तिकडं आहो. इकडं काही राहिलं नाही. तिकडच्यायच्या ऑटोसाठी आवाज पाहिजे.’ तो बोलूनच राहिला होता, तं सुशील आला! त्याच्याभी गळ्यात दुपट्टा नवा. म्हणे, ‘काका, तिकिटाचा शब्द पाळला नाही ना त्यायनं! मी इकडं आलो. आता इकडच्यायच्या ऑटोसाठी…’ अन् मग दोघायनं एकमेकाकडं पाह्यलं. ज्यायनं व्हेरायटी चौकात एकमेकायच्या कॉलरी धरल्या होत्या ना, ते हे! आता इकडचे कोण अन् तिकडचे कोण, मले इचारून काय फायदा, त्यायलेच समजत नव्हतं!

सिंधूताईनं चहा आणला. चंद्रभाननं एक घोट घेतला, गळा साफ केला अन् त्या पतल्या आवाजात म्हणे, ‘नवं रेकॉर्डिंग कायले पाहिजे गा? दोन्हीकडचं जुनं तयार आहे. तुम्ही फक्त एकमेकायच्या ऑटोत जाऊन बसा.’