नुसते डोळे

नातीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला हडपसरच्या दुकानात बसले होते. शेजारी दोन पोरी, तिथल्याच नोकरीसाठी आलेल्या. एकीने गाडीवर बांधतात तसा स्कार्फ तोंडाला गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे. पण काय डोळे, बाई! कान काही मी घरी ठेवून येत नाही.

"राजनंदिनी, स्कार्फ काढूच नकोस. धुळीची अ‍ॅलर्जी आहे म्हण."

"साडीच्या दुकानात? वर्षभर?"

"मॅनेजरने स्वतः पाणी आणून दिलं तुला. मला विचारलंसुद्धा नाही."

"डोळ्यांना दिलं गं ते. सिग्नलला पोलिसानेही आधी मलाच सोडलं. पुढे चहाला स्कार्फ काढला, तर टपरीवाल्याने कप हातात दिला नाही, कट्ट्यावर ठेवला."

"भाजलेला गाल बघून दचकला असेल."

"भाग्यश्री, मला राग नाही येत. नवल वाटतं. मी तीच, आणि लोक एकदम दुसरेच होतात!"

मॅनेजर हसतच आला. "राजनंदिनी मॅडम? या ना."

तिने स्कार्फ सोडला, नीट घडी घातली आणि उभी राहिली.

"अं... जागा भरली, ताई."

"कधी?"

"आत्ताच."

"फरशीला कशाला सांगताय, सर? माझ्या तोंडाकडे बघून सांगा."

साड्या उलगडणारे हात जागच्या जागी थांबले. त्याने हळूच मान वर केली. ती हलली नाही, पापणीही नाही.

"या... आत या."

ती गेली. माझ्या डोक्यावर पदर आला होता, देवळात येतो तसा.