गुडघ्यांचं दुखणं

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायला अवकाश होता. मोडका हात गळ्यात बांधून बसलेल्या शिंपीणबाईंच्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. शिंपीणबाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

“वहिनी, चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रांगेतही उभं राहवत नाही, हे डॉक्टरांना सांगा हं.”

“ते नको.”

“का? दर रविवारी घाईघाईनं पुढे जाता ना?”

“जाते. त्या काळ्या सुताराच्या पुढे. द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांना एकच असतो गं. त्याचे काळे ओठ लागायच्या आत मला हवा असतो.”

“काहीतरीच! तुम्ही तशा नाही.”

“मलाही तसंच वाटायचं. गुडघ्यांमुळे जाते, असं तुलाही सांगितलं आणि स्वतःलाही. गेल्या रविवारी तो आला नव्हता. मी सगळ्यांच्या शेवटी उठले, निवांत प्याले. जागेवर येऊन बसले आणि लक्षात आलं. प्रभूच्या प्याल्याचाही मी विटाळ मानला गं.”

“देवाजवळ कबूल करा, झालं.”

“केलं. पण काल तोच बाजारात भेटला. म्हणाला, ‘मावशी, परवा तुम्हाला माझ्या पुढे जाऊ द्यायला मी नव्हतो. फार उभं राहावं लागलं का?’”

“अगंबाई!”

“रोज माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करतो म्हणे.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“‘देव तुझं भलं करो’ म्हणाले, आणि पळाले.”

आतून नंबर पुकारला.

“चला वहिनी. हात देऊ?”

“नको. गुडघ्यांना काय धाड भरलीय!”