फोटोपुरता गणवेश

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नारिनच्या बाजारात, गणवेशाच्या रांगेत दोघी माझ्यापुढे होत्या: गावच्या शाळेतल्या बाई आणि मेंढ्या राखणारी झूरा.

“झूराताई, बेर्मेतला गणवेश? म्हणजे तुमची पोर येणार शाळेत.”

“कुठली येतेय, बाई. उद्या शाळेच्या फाटकाशी फोटो काढायचा आणि गणवेश दुकानात परत.”

“फोटो कशाला?”

“तिच्या बापाला, मॉस्कोला. लेक शिकताना दिसली तरच तो पैसे धाडतो.”

“अहो, दोन वर्षं ती मेंढ्यांमागे आहे.”

“म्हणून तर शाळकरी दिसायला वेणीच्या पांढऱ्या फिती मोठ्या घेतल्यात. बाई, तुम्हीही शेजारी उभ्या राहा ना. मागच्या खेपेला तो विचारत होता, बाई कशा दिसत नाहीत म्हणून.”

“राहीन. पण मग तेवढा दिवस तिला वर्गात बसू दे.”

“नको, बाई. बाकावर बसून मळला, तर दुकानदार परत घेणार नाही.”