नाव न घेता केलेली प्रार्थना

मंडळी, एक विचारतो. सैतान माणसाला गाठतो कुठं? गुत्त्यात? जुगाराच्या अड्ड्यावर? अहो, तिथं त्याला कामच नाही! तिथली गिऱ्हाइकं आपल्या पायांनी येतात. त्याला खरा घाम गाळावा लागतो तो दुसरीकडेच. कुठं, ते ऐका.

नगर जिल्ह्यातलं एक गाव, पन्नासेक घरांची ख्रिस्ती मंडळी. तिथं रिबेकाबाई ओहोळ. नावं बदललीत बरं का, उगाच मागं वळून बघू नका! तर बाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. आवाज खणखणीत, वचनं तोंडपाठ, आणि व्यसन एकच, तंबाखूची मिश्री! उठल्या की डबी, जेवल्या की डबी, दळण टाकायला निघाल्या तरी कमरेला डबी.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू होतात त्या दिवशी, बाईंनी ख्रिस्तमंदिरात उभं राहून शपथ घेतली, "ईस्टरपर्यंत मिश्रीला बोट लावणार नाही!"

झालं! तीन दिवस डोकं ठणकलं. चौथ्या दिवशी सुनेवर खेकसल्या, "हे कालवण आहे का पाणी?" सून बिचारी म्हणाली, "आत्या, घ्या हो चिमूटभर. प्रभू रागवायचा नाही." बाई कडाडल्या, "सैताना, चालता हो!" घ्या! सूनच सैतान! हसताय काय? तुमच्या घरात वेगळं आहे होय?

पण थट्टा पुरे. बाई खरंच लढल्या. दाढेखाली बडीशेप धरायच्या, डोळे मिटायच्या, "प्रभू, आजचा दिवस निभावून ने." आणि दिवस निभायचा! मला त्या बाईचं कौतुक वाटतं. म्हणूनच पुढचं सांगताना जीव जळतो.

शेजारी सगुणाबाई, विधवा. त्यांची लेक हेमलता. तिचं लग्न ठरलं होतं त्याच मंडळीतल्या शमुवेलशी. आपल्यात लग्नाआधी तीन रविवार मंदिरात नवरा-नवरीची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून, तसं ईस्टरच्या आधीचे तीन रविवार ठरलेले. एका दुपारी सगुणाबाई आल्या, दार लोटून घेतलं.

"ताई, तुम्ही म्हणून सांगते. हेमीला लहानपणी फिट यायच्या. नऊ वर्षं झाली, एकही नाही. शमुवेलला तिनं स्वतः सांगितलंय, तो म्हणाला चालेल. आईला तोच सांगणार आहे, सवडीनं. तुम्ही फक्त प्रार्थना करा. एकट्यानं."

"अगं, माझ्या पोटातलं ओठावर यायचं नाही," बाई म्हणाल्या. आणि मनापासून म्हणाल्या हो!

दोन आठवडे गप्प राहिल्या. पण मंडळी, मिश्रीची तलफ परवडली, असं ते गुपित जिभेवर हुळहुळायला लागलं! पेटी जरा हळू घ्या, ही साकी ऐका:

मुखास पडला उपास तरिही जिभेस लागे गोडी,
गुडघे टेकुन बसल्या बसल्या घर दुसऱ्याचे मोडी!

दोन रविवार नावं वाचून झाली. पुढच्या शुक्रवारी घरसभा. सतरंजीवर सोळा बायका. प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. एकीचा गुडघा, एकीच्या पोराची नोकरी. पाळी आली रिबेकाबाईंची.

आतून एक आवाज म्हणाला, "गप्प बस." लगेच दुसरा म्हणाला, "अगं, प्रार्थनेसाठीच तर सांगायचंय! एकटीच्या प्रार्थनेत केवढं बळ, आणि सोळाजणींच्या?" बघा, बघा कसा पटवतो! बाईंनी मिश्रीच्या दाराला अडसर घातला, तर हा मागच्या दारानं आला, काखेत बायबल मारून!

बाई म्हणाल्या, "भगिनींनो, मी नाव घेत नाही. एका मुलीचं ईस्टरनंतर लग्न आहे. तिला लहानपणी फिट यायच्या. प्रभूनं तिला सांभाळावं म्हणून कळवळून मागा."

नाव घेत नाही म्हणे! अहो, ईस्टरनंतर त्या मंडळीत लग्नं किती? एक! आणि सतरंजीवर बसलेली कोण? शमुवेलची सख्खी मावशी! "आमेन" सगळ्यात मोठ्यानं तिनंच म्हटलं. आणि रिबेकाबाई घरी आल्या तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मिश्रीची आठवणसुद्धा झाली नाही.

शमुवेलची आई तणतणली, "आजारी पोर माझ्या गळ्यात मारत होते!" आणि शमुवेल? 'चालेल' म्हणणारा तो गडी आईपुढं मुका झाला. तोही काही थोर नव्हता.

रविवारी झावळ्यांचा सण, ईस्टरच्या आधीचा शेवटचा रविवार. पोरं झावळ्या हलवत 'होसान्ना' गाऊन बसली. पाळकांनी आठवड्याच्या सूचना वाचल्या. बुधवारची सभा वाचली, शुक्रवारची वेळ वाचली, आणि कागदाची घडी घातली. तिसऱ्या वेळी नावं वाचलीच नाहीत. हेमलता खाली बघत बसून राहिली. अख्ख्या मंदिरानं माना वळवून तिच्याकडं पाहिलं.

बाहेर रिबेकाबाईंनी सगुणाबाईंचा हात धरला. "अगं, मी तर प्रार्थनाच केली!"

सगुणाबाईंनी हात सोडवला. "ताई, देवाला ऐकू येत नव्हतं का, म्हणून बायकांना ऐकवलंत?"

ईस्टर उजाडला. पाळक कौतुकानं म्हणाले, "रिबेकाबाई, साक्ष द्या, प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं ते सांगा!" बाई उठल्या. समोर सगुणाबाई, शेजारी हेमलता. 'मी पाप केलं', एवढे तीनच शब्द, अगदी ओठापर्यंत आले होते हो! चाळीस दिवस झगडलेली बाई, ते तीन शब्द बोलायला किती बळ लागणार होतं? पण सगळे कौतुकानं बघत होते. बाईंनी पदर सावरला, हात उंचावला.

"प्रभूनं मला मिश्रीवर विजय दिला!"

हालेलूया! टाळ्या! त्या टाळ्यांतच हेमलता उठली, आईचा हात धरून बाहेर गेली, आणि पुन्हा त्या मंदिराची पायरी चढली नाही. मागच्या बाकावर एकजण हळहळली, "बिचारी! तिच्यासाठी प्रार्थना करू या हं."

लाज वाटते ना ऐकताना? मलाही सांगताना वाटते. चला, आता शेवटची प्रार्थना. विनंत्या सांगा, पण आज कोणाचा गुडघा नको, कोणाची लेक नको, शेजारीण नको. ज्यानं त्यानं उभं राहून फक्त स्वतःचं पाप सांगायचं.

कोण उठतंय?

अरे, मघाशी तर केवढ्यानं हसत होता! मी थांबलोय, मंडळी. मला घाई नाही.