नवव्या दिवसाची सावड

साल त्र्याहत्तर, माघ सरत आलेला, शिवरात्र चार दिवसांवर — लिहा तुमच्या वहीत, बाकी समदं लिहिता तर हेबी लिहा — आन् त्या दगडाला हात लावू नका. ठेवा खाली. तिथंच. आज लवकर कसं आलात? कंप्रेसर बंद पडला? पडनारच, फुफाटा केवढा हाय. मग बसा त्या ओट्यावर. मी काई चोरी करायला आलो न्हाई. खोलीमागं हे दगड कोन रचतंय म्हनून तुमी आठ दिवस गावभर इचारत फिरलात, शाळंच्या मास्तरला इचारलं, सरपंचाला जाऊन धन्यवाद देऊन आलात — सरपंचानं घेतलाबी, त्याचं काय जातंय — तर तो मी. मच्छिंद्र. मार्गशीर्षात ज्याच्या हिरीत तुमी नऊ दिवस उतरला हुता, तो. आन् ही तुमची न्हानी हाय. तीन बाजूनं भिंत, एका बाजूनं खोलीची, खाली सपाट दगड. आज नववा दिवस, आजच्या दिवसात पुरी हुती. तुमी मधी न्हाई आलात तर.

न्हानी कशाला म्हनून काय इचारता? कुठल्या कुठनं गोरा मानूस आमच्या हिरी खोल करायला आला, आन् सकाळी उघड्यावर चड्डी घालून अंगावर तांब्या घेतोय, समोर शाळा भरल्यागत पोरं बसल्यात. बायांनी आडावर जायची वाट बदलली, लांबनं जात्यात आता. तुमाला कुनी सांगितलं न्हाई — सांगनार कोन? तुमी कुनाचं काई घेतच न्हाई तर सांगायला तुमच्या दारात यायचं कुनी? समोरच्या केशरबाईनं पयल्या आठवड्यात कोरड्यास-भाकर पाठवली, तर तुमी भांडं घासून परत केलं, वर धन्यवाद म्हनलात. ती बिचारी दोन दिवस शेजारनींना इचारत हुती, माझं काय चुकलं म्हनून. घरच्या मानसाला कुनी धन्यवाद म्हनतं का? परक्याला म्हनत्यात. तुमच्या शेजारचा कानिफनाथ बैलगाडीत बसा म्हनला, तर न्हाई, चालत जातो. बाज देऊ का, तर न्हाई, भुईवर झोपतो. पानी तुमीच आनता, सारवन तुमीच करता — ते सारवन हाय का? पोपडं निघाल्यात. राहीबाई, माझी बायको, बघून आली आन् तोंडाला पदर लावून हसत बसली. लई साधा मानूस, असं लोक म्हनत्यात. मी न्हाई म्हनत. मला इचारलं तर मी म्हनतो, लई ताठ मानूस.

बसा म्हनलं ना. तुमी एक दगड उचलला की तेवढं काम माझ्यातनं वजा झालं. परवा ईतवारी तुमी हौसेनं दोन थर लावलं, आठवतंय? आन् सोमवारी येऊन बघितलं तर पडल्यालं. पडलं न्हाई ते. मी पाडलं. आज सकाळी परत लावलं. तुमचा हात वाईट हाय म्हनून न्हाई — वाईटच हाय, सांधा साधत न्हाई तुमाला — पन चांगला असता तरी पाडलं असतं.

आता नीट ऐका, कारन हे तुमाला पुन्यात मराठी शिकवनाऱ्यांनी सांगितलेलं दिसत न्हाई. सावड म्हनत्यात ह्याला. तुमी माझ्या रानात एक दिवस आलात, मी तुमच्या रानात एक दिवस येनार. त्याची बैलजोडी माझ्याकडं, माझी त्याच्याकडं. कागद न्हाई, पैसा न्हाई, कुनी कुनाला आठवन करायची न्हाई. माझ्या हिरीवर सात मानसं हुती, सातीजनांची सावड मी संक्रांतीच्या आत फेडली. ऱ्हायलात तुमी. हीर झाली त्या दिवशी मी तुमाला इचारलं हुतं, तुमचं काम कधी काढताय — आठवतंय का? तुमी हसलात. म्हनलात, माझं काई काम न्हाई, मी द्यायला आलोय. चारचौघात. आन् कानिफनाथ लगेच काय म्हनला, तुमाला कळलं नसंल — म्हनला, मच्छिंद्रदादा, तुमी तर दान घेतलं. हसत म्हनला, पन म्हनला. अडुसष्ट वर्सात मला असं कुनी म्हनलं न्हवतं.

तुमाला वाटतं दिलं की झालं. देनाऱ्याचं झालं, व्हय. घेनाऱ्यानं काय करायचं? तुमाला रान न्हाई, बैल न्हाई, लगीनकार्य न्हाई. दीड महिना मी तुमच्या खोलीभोवती हेलपाटं घातलं, ह्या मानसाचं अडलंय काय म्हनून. शेवटाला ती पोरं बसलेली बघितली, तवा कळलं. मग काय, तुमी फटफटीवर गेलात की मी दगड घिऊन यायचो. सकाळपासनं दिवस मावळंस्तवर, सावडीचा दिवस तेवढाच असतो. दुपारची भाकर घरनं. तान लागली तर पानी कानिफनाथाच्या घरनं —

माझ्या घरनं का न्हाई? लांब पडतं.

लांब पडत न्हाई. बघितलंय तुमी, कशाला खोटं बोलू. त्या हिरीचं पानी मी अजून तोंडाला लावलं न्हाई. राहीबाई पिती, गुरं पित्यात, अर्धी आळी भरून नेती. मी न्हाई. ज्या पान्याची सावड फिटली न्हाई, ते घशाखाली जात न्हाई माझ्या. येडेपना म्हना. राहीबाई रोज म्हनती.

धाकटा भाऊ हुता मला. गोरक्ष. एकसष्ट सालची गोष्ट. माझा बैल लंगडत हुता म्हनून तो त्याची जोडी घिऊन सहा दिवस माझ्या रानात नांगरत हुता. सहा दिवस. मग आमचं बांधावरनं वाजलं — बांध तरी केवढा, चार बोटं. सुगीत त्यानं निरोप धाडला, खळ्यावर ये. मी गेलो न्हाई. म्हनलं, येऊ दे त्याला सोता दारात. उद्या जाऊ, परवा जाऊ. चैतात त्याला पान लागलं, साप डसला, रानातच, कडब्याच्या गंजीपाशी. घरी आनंस्तवर गेला. मी खांदा दिला, दहाव्याला समद्यात पुढं हुतो — पन खांदा दिला म्हनून सावड फिटत न्हाई. त्याच्या बायकोला, भीमाबाईला, म्हनलं, सहा दिवस हायेत माझ्याकडं, कायबी काम सांगा. ती म्हनली, काई न्हाई भावजी, आमचं चाललंय. बारा वर्सं झाली. आजून तेच म्हनती. हसून म्हनती, तुमी हसलात तसंच —

तो दगड द्या इकडं. न्हाई, देऊ नका. ठेवा. मीच घेतो. बसा.

बसा, गुडघ्याचं बघू नका, गुडघं माझं हायेत. हा शेवटचा थर. हा चपटा कोपऱ्यात, म्हंजी साबन ठेवायला हुईल. हितनं पानी भाईर काढलंय, त्या तोंडाशी शेवग्याचं खोड लावा पाऊस पडल्यावर, पडला तर. भिंतीवर चढून बसू नका, माती न्हाई मधी, नुसतं दगडाला दगड धरून हाय. भिंत अशीच धरती.

हां. आता हालतोय का बघा. जोर लावा. अजून. न्हाई ना?

झालं मग. तो तांब्या घ्या, त्या सावलीतला, फडकं बांधल्याला. हिरीचाच हाय, सकाळीच भरून आनलाय. द्या माझ्याकडं. हे तुमी देऊ शकता.

थांबा.

मचूळ हाय जरा. राहीबाई तर म्हनत हुती गोड हाय.

आता बादली घिऊन आत जा आन् आंघोळ कर. व्हय, तुलाच म्हनतोय. पाव्हन्याला तुमी म्हनायचं, सावडीतल्या मानसाला न्हाई. आन् तो धन्यवादाचा शब्द तोंडातनं काढू नको.

फिटली.