नियम बदललाय, बाबा

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही जरा बाहेर बसा." मला! जन्मदात्या बापाला, ज्यानं पोरीच्या हातात टेबल टेनिसची बॅट दिली त्याला. तुम्हाला सांगतो, मी काही बोललो नाही. माझा स्वभावच नाही तो.

त्याचं असं झालं, आमच्या कन्येला एडीएचडी. म्हणजे लक्ष कुठं टिकत नाही, आणि एकदा चिकटलं की निघत नाही. समोरची पोरगी हिचा बॅकहँड ओळखून टपून बसलेली असते, तरी ही आपली बॅकहँडच मारते... आता तो मीच घोटून घेतलाय, ते सोडा. तिचे सर म्हणाले, "ऐनवेळी खेळ बदलता आला तर निवड, नाहीतर यंदा संघात नाही." पोरीचं जेवणावरचं मनच उडालं हो. म्हणून गेलो एका डॉक्टरीणबाईंकडे, त्या अशा खेळाडू मुलांचं चिकटलेलं लक्ष सुटतं का, याचे प्रयोग करतात. कपाळाला ओले स्पंज लावायचे, अगदी बारीक करंट सोडायचा, आणि पोरांनी कॉम्प्युटरवर पत्ते जुळवायचे. रंगावरून की आकारावरून, ते कोणी सांगत नाही. यंत्र फक्त 'बरोबर' नाहीतर 'चूक' म्हणतं, आणि मध्येच गुपचूप नियम बदलतं.

पोरगी जुळवतेय, मी मागं उभा. आता डोळ्यांदेखत चुकतंय म्हटल्यावर माणूस... "रंग बघ, अगं रंग, रंग..." त्यावर हे 'बाहेर बसा'. मी काही बोललो नाही, एवढंच म्हटलं की यात अवघड काय आहे? बाई गोड हसून म्हणतात, "मग तिचं झालं की तुम्हीच बसा ना." बसलो. रंगावरून लावले. बरोबर, बरोबर, बरोबर... चूक. म्हटलं, असेल. परत रंग. चूक. परत रंग. चूक. म्हटलं, "बाई, यंत्र बिघडलंय तुमचं." पोरगी खुर्चीतून पडायची बाकी होती. पोट धरून म्हणते, "बाबा, नियम बदललाय."

मग निवडीचा सामना. पोरगी मागं पडलेली, मी प्रेक्षकांत. मी काही बोललो नाही, नुसतं "बॅकहँड" म्हणालो. चारपाचदा. पंचसुद्धा वळून बघायला लागले. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, कपाळावर दोन बोटं टेकवली, जिथं स्पंज लावायचे तिथं, आणि हसली. पुढचा चेंडू फोरहँडनं असा कोपऱ्यात घातला की समोरची बघतच राहिली. त्याच्या पुढचाही. निवड झाली हो. रडलो मी, खोटं कशाला सांगू.

लगेच फोन लावला, "बाई, तुमच्या करंटनं कमाल केली." तर बाई म्हणतात, "प्रयोग संपला म्हणून सांगते, निम्म्या मुलांना आम्ही खरं वाटावं म्हणून सुरुवातीला जरा झिणझिण करतो आणि मग करंट बंदच ठेवतो. तुमची मुलगी त्यातली." अहो, मग फरक पडला कशानं? "ते एका मुलीवरून मी नाही सांगू शकत. पण ती म्हणते, एकाच गोष्टीला चिकटलेला माणूस कसा दिसतो ते तिनं जवळून बघितलं."

मी काही बोललो नाही. आता पुढचा प्रयोग पालकांवर आहे, बायकोनं माझं नाव देऊन टाकलंय. आणि बाईंना बजावून सांगितलंय, "ह्यांना तेवढा खरा करंट सोडा."