कोंबड्यांचा पिक्चर आणि दोन चहा

कोंबड्यांच्या झुंजीचा तो तमिळ पिक्चर मी बघितलाय, पण शेवट मला इचारू नका.

बेळगावात दुपारच्या खेळाला एकटाच गेलतो. पुढच्या रांगेत आणखी एकच माणूस. मध्यंतरात दिवे लागले, तर आप्पा! टिळकवाडीतले माझे सिनियर वकील. कोर्टात उभं राहायला त्यांनीच मला शिकवलं. मग एक केस मी त्यांच्याच विरुद्ध जिंकलो, तवापासनं बोलणं बंद. पिक्चरात बी तेच की! चेल्याचा कोंबडा जिंकतो आणि वस्तादाचं डोकं फिरतं. तमिळ कळायची गरजच न्हाय.

आप्पा मागं वळले. "ह्यो म्हातारा लई जळतोय रं."

मी म्हटलं, "न्हाय आप्पा, पोरानं बी जरा सबुरीनं घ्यायला पायजे हुतं."

आप्पा परत पडद्याकडं वळले. मग म्हणाले, "शेवटाला बोलत्यात काय रं दोघं?"

"बघू की. बसा, चहा आणतो."

"माझा बिनसाखरेचा. इसरला नसशील."

दोन चहा घेऊन आलो, तर आप्पांची खुर्ची मोकळी.

आता तुम्ही इचारणारच, शेवटाला बोलले काय दोघं? मला काय म्हाईत? पिक्चर सुटंपर्यंत मी दाराकडंच बघत बसलो हुतो, दोन्ही हातांत चहा धरून.